उघडी पाने, मिटलेली पाने

कोणत्याही खेळाभोवती दोन मंडळे असतात. आतल्या मंडळात खेळणारे आणि बाहेरच्या मंडळात पाहणारे. पाहणाऱ्यांचे मंडळ नेहमीच मोठे असते आणि बोलकेही असते. नाणेफेक जिंकूनही कर्णधाराने क्षेत्ररक्षण का घेतले, शेवटचे षटक कोणाच्या हाती द्यावयास हवे होते, ही चर्चा सामना संपला तरी संपत नाही. अशा चर्चेला आपण रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणून हसतो. परंतु माणसे दुसऱ्याच्या निर्णयाची पारख कशी करतात हे अभ्यासावयाचे असेल, तर ही चर्चा फार उपयोगी पडते. प्रस्तुत लेखात पोकर या पत्त्यांच्या खेळातील सर्वांत मोठी स्पर्धा आणि ती संपत आली असताना तिच्या चाहत्यांत होणारी चर्चा यांचा विचार करावयाचा आहे.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. पोकर पैसे लावून खेळतात, आणि त्याची भलामण करण्याचा येथे मुळीच हेतू नाही. पत्त्यांपायी धुळीस मिळालेली घरे पाहण्यासाठी कोणाला अमेरिकेस जावे लागत नाही. तथापि संभवशास्त्राचा जन्मच मुळी डावावरच्या एका प्रश्नातून झाला, हे विसरून चालणार नाही. एखादा डाव अर्धवट मोडावा लागला, तर लावलेले पैसे खेळणाऱ्यांत न्याय्य रीतीने कसे वाटावेत, या प्रश्नावर पास्कल आणि फर्मा यांच्यात १६५४ साली पत्रव्यवहार झाला आणि त्यातून गणिताची एक शाखा उभी राहिली. हा जुना प्रश्न आपणांस पुढे पुन्हा भेटणार आहे.

खेळाचे स्वरूप

ज्यांना तीनपत्ती ठाऊक आहे, त्यांना पोकर समजण्यास वेळ लागणार नाही. मोठ्या स्पर्धेत ‘टेक्सास होल्डेम’ या प्रकाराने खेळतात. प्रत्येकाला दोन पाने मिटलेली मिळतात. ती ज्याची त्यालाच दिसतात. नंतर मेजाच्या मध्यावर पाच पाने उघडी मांडली जातात : आधी तीन एकदम, मग एक, मग शेवटचे एक. ही पाच पाने सर्वांची. आपली दोन व मेजावरची पाच अशा सातांतून ज्याची पाच पाने सरस, तो जिंकला. प्रत्येक टप्प्यावर चाल लावता येते, समोरच्याची चाल भरता येते, वाढवता येते किंवा पाने टाकून ‘पॅक’ होता येते. सर्वांनी पाने टाकली तर उरलेला एकटा आपली पाने न दाखवताच सारे पैसे घेतो. हुलीला वाव मिळतो तो येथे.

तीनपत्तीवाल्यांना एक गोष्ट चमत्कारिक वाटेल. तीनपत्तीत रन रंगाला मारते. पोकरमध्ये रंग रनला मारतो. याचे कारण शुद्ध गणिती आहे. तीन पानांत रन ७२० प्रकारे जमते आणि नुसता रंग १०९६ प्रकारे. पाच पानांत रन १०,२०० प्रकारे जमते आणि रंग केवळ ५१०८ प्रकारे. जे दुर्मिळ ते श्रेष्ठ, हा नियम दोन्हीकडे एकच आहे.

या खेळाची जागतिक स्पर्धा १९७० साली लास व्हेगासमधील बिनियन यांच्या हॉर्सशू या जुगारगृहात सुरू झाली. पहिल्या वर्षी जॉनी मॉस याला जमलेल्या खेळाडूंनी मते देऊन विजेता ठरविले. १९७१ पासून बाद पद्धत आली, आणि १९७२ पासून मुख्य स्पर्धेची प्रवेश फी १०,००० डॉलर झाली. ती आजतागायत तेवढीच आहे. फी भरली की चकत्या, म्हणजे चिप्स, मिळतात. त्या संपल्या की खेळाडू बाद. मुख्य स्पर्धेत पुन्हा पैसे भरून बसता येत नाही. २००३ साली ८३९ जण उतरले होते, २००६ साली ८७७३ आणि २०२४ साली १०,११२. या हजारोंतून गळत गळत अखेर एका मेजाभोवती नऊ जण उरतात. त्यांच्यापासून काही अंतरावर कठडा असतो आणि कठड्यापलीकडे चाहते. अशा प्रेक्षकांना इंग्रजीत ‘रेलबर्ड’ म्हणतात, म्हणजे कठड्यावरची पाखरे!

शेवटच्या टप्प्याचे अर्थशास्त्र

नऊ जण उरले की कठड्यापलीकडे एक तक्रार हमखास ऐकू येते : “अमका भित्रा झाला. इतका वेळ धडाक्याने खेळला आणि आता पाने टाकत बसला आहे.” ही तक्रार कितपत खरी आहे ते पाहू.

पोकरमध्ये ‘ब्लाइंड’ या शब्दाचा अर्थ तीनपत्तीहून वेगळा आहे. दर डावाला दोन खेळाडूंनी पाने येण्यापूर्वीच सक्तीने लावावयाची ती रक्कम म्हणजे ब्लाइंड. पाळी फिरत जाते आणि ठरावीक काळाने ही रक्कम वाढविली जाते. त्यामुळे नुसते थांबून राहणे फुकट पडत नाही. थांबणाऱ्याच्या चकत्या आपोआप झिजतात. दुसऱ्या बाजूने, बक्षिसे पायरीपायरीने चढतात. २००९ साली नवव्या क्रमांकाला सुमारे साडेबारा लाख डॉलर होते, दुसऱ्याला सुमारे ५२ लाख आणि पहिल्याला सुमारे ८५ लाख. आपल्या आधी दुसरा कोणी बाद झाला, तर एकही डाव न जिंकता आपण एक पायरी वर जातो.

येथे पास्कल आणि फर्मा यांचा प्रश्न परत येतो. समजा तीन खेळाडू उरले आहेत आणि बक्षिसे ५०, ३० व २० अशी एकूण १०० आहेत. चकत्यांपैकी निम्म्या पहिल्याकडे, तीन दशांश दुसऱ्याकडे आणि दोन दशांश तिसऱ्याकडे आहेत. खेळ याच क्षणी थांबवून पैसे वाटावयाचे झाले तर? चकत्यांच्या प्रमाणात वाटणी करावी असे सहज सुचते. पण पहिल्या क्रमांकालाही ५० पेक्षा जास्त मिळणार नसताना, अजून स्पर्धा न जिंकलेल्या माणसाला पूर्ण ५० देणे न्याय्य कसे होईल? हार्व्हिल या अभ्यासकाने १९७३ साली घोड्यांच्या शर्यतीसाठी एक रीत मांडली होती. पहिला येण्याचा संभव धरून दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकांचे संभव काढण्याची ती रीत पोकरपटूंनी उचलली. तिने हिशेब केला तर वाटे अनुक्रमे सुमारे ३८.४, ३२.७ आणि २८.९ असे येतात.

या आकड्यांत शेवटच्या टप्प्याचे सारे मर्म आहे. ज्याच्याकडे निम्म्या चकत्या, त्याचे मोल निम्म्याहून बरेच कमी. ज्याच्याकडे पाचवा हिस्सा, त्याचे मोल पाचव्या हिश्शाहून बरेच जास्त. म्हणजे चकत्या गमावण्याने जेवढे नुकसान होते, तेवढ्याच चकत्या मिळविण्याने तेवढा फायदा होत नाही. म्हणून मधल्या फळीतील खेळाडू चांगली पानेसुद्धा टाकतो, आणि हे ओळखून सर्वांत श्रीमंत खेळाडू त्याच्यावर दडपण आणतो. ज्याला चाहते भित्रेपणा आणि धाडस म्हणतात, त्यातला बराच भाग बसल्या जागेचा असतो. स्वभावाचा वाटा त्यानंतर येतो.

प्रेक्षकाला पाने दिसू लागली

फार काळ पोकर हा पाहण्याचा खेळ नव्हता. मिटलेली पाने प्रेक्षकाला दिसत नसत. मग तो पाहणार काय? ही अडचण हेन्री ओरेनस्टाइन याने सोडविली. पोलंडमध्ये जन्मलेला हा ज्यू माणूस नाझी छळछावण्यांतून वाचला आणि पुढे अमेरिकेत खेळण्यांचा मोठा कल्पक व्यावसायिक झाला. मेजात कॅमेरा बसवून मिटलेली पाने दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाला दाखविण्याच्या युक्तीचे पेटंट त्याने १९९५ साली मिळविले. ब्रिटनमध्ये १९९९ साली अशा रीतीने पोकरचा कार्यक्रम दाखविला गेला आणि २००३ साली जागतिक स्पर्धेच्या प्रक्षेपणात या युक्तीने मोठी क्रांती केली.

त्या वर्षी शेवटी दोघे उरले : टेनेसी राज्यातील हिशेबनीस ख्रिस मनीमेकर आणि मुरलेला व्यावसायिक खेळाडू सॅमी फरा. एका डावात मनीमेकरकडे इस्पिक राजा व बदाम सत्ती होती; फराकडे इस्पिक राणी व बदाम नव्वी. मेजावर इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की आणि मग इस्पिक अठ्ठी आली. या घटकेस फराकडे नव्व्यांची जोडी होती, मनीमेकरकडे काहीच जमलेले नव्हते. मात्र शेवटचे पान अनुकूल आले तर त्याला रंग किंवा रन मिळणार होते. चारही मिटलेली पाने आपणांस दिसत असल्यामुळे हिशेब सोपा आहे. न दिसलेली पाने ४४. त्यांपैकी इस्पिकाची ८, रन पुरी करणारी आणखी ६ आणि उरलेले राजे ३, अशी १७ पाने मनीमेकरच्या उपयोगाची. म्हणजे शंभरांत सुमारे ३९ वेळा तो जिंकता.

शेवटचे पान बदाम तिर्री आले. मनीमेकरचे काहीच जमले नाही. फराने चाल लावली नाही, आणि मनीमेकरने हातातल्या साऱ्या चकत्या पुढे सारल्या. ती निव्वळ हूल होती. फराने बराच विचार केला, रंग हुकला असावा अशी शंकाही बोलून दाखविली, आणि अखेर पाने टाकून दिली. पुढे मनीमेकर विजेता झाला आणि त्याला २५ लाख डॉलर मिळाले.

घरी बसून पाहणाऱ्याला हा प्रसंग कसा दिसतो? सरस पाने हातात असताना फराने ती फेकली. पण फराला काय दिसत होते? मेजावर तीन इस्पिके. छक्की, अठ्ठी, नव्वी अशी रनला पोषक पाने. आधीच्या टप्प्यावर चाल वाढविणारा आणि आता सर्वस्व पणाला लावणारा प्रतिस्पर्धी. त्याच्या हातातील एका जोडीला हरविणारी कितीतरी पाने समोरच्याकडे असू शकत होती. आपण काढलेला ३९ चा आकडा फराला काढताच येत नव्हता, कारण त्यासाठी लागणारी दोन पाने त्याच्यापासून झाकलेली होती. प्रेक्षक आणि फरा एकाच मेजाकडे पाहत होते, तरी ते एकच खेळ पाहत नव्हते.

हूल ही लबाडी की गणित?

मनीमेकरच्या हुलीला चाहत्यांनी काळजाचे काम मानले. तिचा गणिती विचार मात्र फार आधीच झाला होता. जॉन फॉन नॉयमन व ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या खेळ-सिद्धान्तावरील ग्रंथात पोकरवर स्वतंत्र विवेचन आहे. पोकरचे सोपे रूप घेऊन त्यांनी दाखविले की, उत्तम खेळात हूल अटळ आहे. जो केवळ चांगल्या पानांवरच मोठी चाल लावतो, त्याची चांगली पाने सर्वांना कळतात आणि कोणी त्याची चाल भरत नाही. हूल आहे म्हणून खऱ्या चालीला गिऱ्हाईक मिळते. शिवाय हूल द्यावयाची ती अगदी टाकाऊ पानांवर. मध्यम पाने त्यासाठी वाया घालवू नयेत.

हुलीचे प्रमाणही काढता येते. मध्ये जेवढे पैसे आहेत तेवढीच चाल कोणी शेवटच्या पानानंतर लावली, तर ती भरणाऱ्याला तीनांत एकदा जिंकणे पुरते. म्हणून दोन खऱ्या चालींमागे एक हूल ठेवली, तर भरावे की टाकावे याने समोरच्याला काहीच फरक पडत नाही; तो कात्रीत सापडतो. याचा अर्थ असा की, चांगल्या खेळाडूविरुद्ध पाने टाकणारा अधूनमधून सरस पाने टाकणारच. प्रेक्षकाला ती प्रत्येक वेळ घोडचूक दिसेल. तसे पाहता, कधीच सरस पाने न टाकणारा खेळाडू प्रत्येक चाल भरत असला पाहिजे, आणि तो फार दिवस टिकणार नाही.

चार महिन्यांची चर्चा

२००८ ते २०१६ या वर्षांत या स्पर्धेत एक विलक्षण प्रथा होती. जुलैमध्ये नऊ जण उरले की खेळ थांबवीत आणि अंतिम फेरी सुमारे चार महिन्यांनी, त्या बहुतेक वर्षी नोव्हेंबरात, घेत. मधल्या काळात आधीच्या फेऱ्या दूरचित्रवाणीवर दाखविल्या जात. म्हणजे स्पर्धा संपत आली असतानाचा काळ ताणून चार महिन्यांचा केला होता, आणि तो सारा चाहत्यांच्या चर्चेला मोकळा होता.

२००९ चे उदाहरण घेऊ. नवांमध्ये फिल आयव्ही होता. जगातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून अनेक जण त्याचेच नाव घेत. सर्वांत जास्त चकत्या मात्र डार्विन मून या मेरीलँडच्या लाकूडतोड्याकडे होत्या. चार महिन्यांच्या तर्कवितर्कानंतर अंतिम फेरी झाली ती अशी : केव्हिन शाफेलच्या हाती दोन एक्के असताना एरिक बकमनच्या दोन राजांनी त्याला मारले, एक्क्यांची जोडी अशा लढतीत शंभरांत सुमारे ८२ वेळा जिंकते. आयव्हीकडे एक्का-राजा व मूनकडे एक्का-राणी अशी गाठ पडली. चारांत सुमारे तीनदा आयव्ही जिंकावयाचा. मेजावर राणी आली आणि आयव्ही सातवा ठरला. जो कॅडा या २१ वर्षांच्या तरुणाने तिर्रींच्या जोडीवर जेफ शुलमनच्या गुलामांच्या जोडीशी आणि पुढे दुर्रींच्या जोडीवर आंतोआन साऊच्या राण्यांशी सर्वस्व लावले. अशा लढतीत लहान जोडी पाचांत जेमतेम एकदा जिंकते. दोन्ही वेळा जिंकण्याचा संभव पंचवीस-तीसांत एक. कॅडाला दोन्ही वेळा हवे ते पान आले आणि स्पर्धेच्या इतिहासातील सर्वांत तरुण विजेता म्हणून त्याचे नाव लागले.

आता चर्चेची दिशा उलटली. कॅडाच्या खेळात जिद्द आणि परिपक्वता दिसू लागली. ती नव्हती असे नाही. साडेसहा हजारांतून नवांत येणारा माणूस अडाणी नसतो. पण मेजावर दुर्री न येता दुसरे पान आले असते, तर त्याच चालीला उतावळेपणा म्हटले गेले असते. चाल तीच, माणूस तोच, गुण मात्र एका पानावर अवलंबून.

निकाल आणि निर्णय

या प्रवृत्तीचा मानसशास्त्रात बराच अभ्यास झाला आहे. बरूक फिशहॉफ याने १९७५ साली दाखविले की, घटनेचा शेवट कळल्यावर माणसाला तो शेवट आधीपासूनच संभाव्य वाटू लागतो. आपण ज्याला पश्चातबुद्धी म्हणतो तिचेच हे मोजमाप. जोनाथन बॅरन व जॉन हर्शी यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वैद्यकीय निर्णयांची वर्णने लोकांपुढे ठेवली. निर्णय घेताना उपलब्ध असलेली माहिती सारखीच. फक्त रोगी बरा झाला की दगावला एवढाच फरक. तरीही रोगी दगावल्याचे वाचणाऱ्यांनी तोच निर्णय अधिक वाईट ठरविला. पोकरमधील विजेती ॲनी ड्यूक हिने २०१८ साली याच दोषावर एक पुस्तक लिहून तो सामान्य वाचकापर्यंत नेला.

मग निकालाला काहीच अर्थ नाही काय? तसे म्हणणे दुसऱ्या टोकाला जाणे होईल. हजारो डावांचा निकाल खेळाडूची खरी योग्यता सांगतो, कारण तेवढ्यांत पानांचे बरेवाईट फिटत जाते. प्रश्न एका डावाचा किंवा एका अंतिम फेरीचा असतो तेव्हा निकाल फारच थोडे सांगतो, आणि आपण नेमका त्यालाच सर्वांत मोठा पुरावा मानतो. तसेच झाकलेल्या पानांची सबब प्रत्येक चुकीवर पांघरता येत नाही. प्रतिस्पर्ध्याची आजवरची खेळण्याची रीत, मेजावरची उघडी पाने, चकत्यांचा हिशेब या गोष्टी खेळाडूला दिसत असतात. त्यांकडे त्याने डोळेझाक केली असेल, तर तो जिंकला तरी चुकलाच.

कला शाखेच्या विद्यार्थ्याला हा विषय वाटतो तितका परका नाही. इतिहासाचा अभ्यासक हाही कठड्यापलीकडचा प्रेक्षक असतो, आणि त्याच्यापुढे साऱ्यांची पाने उघडी असतात. पानिपतावर सदाशिवरावभाऊंनी काय करावयास हवे होते हे आपण उत्तरपत्रिकेत झटकन लिहून मोकळे होतो. १४ जानेवारी १७६१ ची संध्याकाळ आपणांस ठाऊक असते. त्या दिवशी सकाळी भाऊसाहेबांना ती ठाऊक नव्हती. त्यांच्या निर्णयांची चिकित्सा करूच नये असा याचा अर्थ नाही. चिकित्सेचा प्रश्न बदलला पाहिजे एवढेच. त्यांना काय कळत होते, काय कळून घेणे शक्य होते, आणि कळलेल्यापैकी कशाकडे त्यांनी दुर्लक्ष केले, असे विचारले की उत्तरासाठी पत्रे, बखरी आणि नकाशे उघडावे लागतात. निकालावरून न्याय देणाऱ्याला ती तसदी घ्यावी लागत नाही.

पोकरच्या जाणत्या चाहत्यांनी यावर स्वतःपुरता एक उपाय काढला आहे. एखाद्या डावावर मत विचारताना ते आपली दोन पाने, मेजावरची पाने आणि प्रत्येक चाल क्रमाने सांगतात, आणि तेथेच थांबतात. प्रतिस्पर्ध्याची पाने व डावाचा निकाल मुद्दाम सांगत नाहीत. सर्वांची मते आल्यावरच पुढचे उघड करतात. इतिहासाच्या किंवा राज्यशास्त्राच्या तासाला एखादे प्रकरण असे शेवट झाकून मांडले, त्या माणसाच्या हाती त्या दिवशी जेवढी पाने होती तेवढीच वर्गापुढे ठेवली आणि “आता तुम्ही काय कराल?” असे विचारले, तर कदाचित वर्गात नेहमीपेक्षा थोडी अधिक वेळ शांतता राहील.